मामंजींना देव होऊ देऊ नये

मी, तोमिहारा सेत्सु, कै. तोमिहारा शुहेई यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार काझेउरा, जिल्हा नागासाकी. मृत्युपत्र करणाऱ्याची स्मृती शाबूत असावी लागते, असं नोटरीसाहेब म्हणाले. म्हणून आधी एक आठवण लिहिते. तिच्यावरून काय ते ठरवावं.

माझ्या लग्नानंतरचा पहिलाच शरद. मी आणि नणंद फुसाए ओसरीत बसून तुरट पर्सिमन सोलत होतो. सोललेली फळं दोरीला बांधून वळचणीला वाळत टांगायची. ऊन कोवळं होतं, आमच्या हाताला चीक लागला होता आणि फुसाए तिला बघायला आलेल्या मुलाची नक्कल करून मला हसवत होती. तेवढ्यात मामंजी आले. माझी गाठ त्यांनी बोटांनी चाचपली.

"सूनबाई, ही सुटेल हो. आण इकडे. मालिग्सानला आम्ही अशी मारायचो. ओढाल तेवढी आवळते."

"कुणाला बांधायचात, बाबा?" फुसाएनं विचारलं.

"माणसांना. आणखी कुणाला? विहिरीपर्यंत न्यायची तर बांधायला नकोत?" मग त्यांनी चहा मागितला.

मी तो करून दिला. चहात साखर नव्हती आणि मामंजींच्या आवाजात काही नव्हतं. माझी स्मृती शाबूत आहे.

मालिग्सान हे फिलिपीन बेटांवरचं गाव. युद्धाच्या शेवटच्या वर्षी मामंजी, म्हणजे मेजर तोमिहारा गेन्झाबुरो, तिथे तुकडीचे प्रमुख होते. मनिलात खटला झाला, फाशीची शिक्षा झाली, पुढे माफी मिळाली. परत आले तेव्हा गावानं स्टेशनवर कंदील घेऊन स्वागत केलं. मग ते दोनदा नगराध्यक्ष झाले आणि बंदराचा धक्का त्यांनी बांधला. हुकूम वरून आला होता, असं ते म्हणत. वरचे साहेब म्हणत, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. ते वरचे साहेब एकदा आमच्याकडे जेवायलाही आले होते, टोकियोहून, मोठ्या गाडीतून. मीच वाढलं. दोघांनी मालिग्सानच्या गोष्टी काढल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. हे, म्हणजे माझे पती, पानावरून उठले, चपला घातल्या आणि बंदरावर निघून गेले. असे ते नेहमी जात. चांगला माणूस होता. बोलला नाही एवढंच.

आता वाटणी.

एक. बँकेत जे असेल ते माझी मुलगी चितोसे हिला. शिवणयंत्रही तिलाच. त्याला उजवीकडून तेल घालावं लागतं.

दोन. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या माझी शाळासोबतीण इदे मित्सुयो हिला. ती इथे साक्षीदार आहे, म्हणून त्या आजच तिच्या हातात दिल्या; वाटणीत धरू नयेत. मिशनच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मदर क्लोतिल्द आम्हाला शनिवारी प्रार्थनाघराच्या फरशा पुसायला लावत आणि पुसता पुसता सांगत, "मुलींनो, आधी चूक तोंडानं बोला, मग क्षमा. उलटं चालत नाही." मी ख्रिस्ती झाले नाही. पण एवढं मात्र अंगात मुरलं. त्या फरशांचा ओला वास अजून येतो मला.

तीन. मामंजींची तलवार कुणालाही देऊ नये. पोलिसांकडे जमा करून मोडीत काढावी. माझा भाचा, फुसाएचा मुलगा ओगाता हिरोमिची, हा ती काचेच्या पेटीत ठेवायची म्हणतो.

चार. हे घर. हिरोमिची नगरपरिषदेवर निवडून आला आहे. गेल्या महिन्यात तो केकचा डबा घेऊन आला. सोबत फुसाए होती.

"मामी, येत्या मार्चात आजोबांचं तेहतिसावं. मठात बोलून ठेवलंय. त्याच दिवशी या घराला फलक लावू. तोमिहारा शांतिभवन."

"शांती? मामंजींची?"

"गावाची हो."

"बरं. मग भिंतीवर मालिग्सानचं काय लिहिणार?"

तो हसला. "मामी, तो खटला जिंकणाऱ्यांनी चालवला. शिवाय युद्धात सगळेच तसं करतात. आणि मुळात तिथे तसं काही झालंच नव्हतं."

"हिरोमिची, यातलं कुठलं तरी एक ठरव. तिन्ही एकदम गिळवत नाहीत."

फुसाए मध्ये पडली. "वहिनी, चितोसेच्या वेळी तुमचे पाय सुजले होते, तेव्हा बाबा स्वतः तेल चोळायचे. विसरलात?"

"नाही विसरले. आणि ओसरीतली ती गाठ? तू विसरलीस?"

"कसली गाठ? बाबा असं काही बोललेच नाहीत."

तिनेच तर विचारलं होतं, कुणाला बांधायचात म्हणून. मला त्या क्षणी शिसारी आली ती मामंजींची नव्हे. ज्यांनी केलं त्यांनी निदान चहा पिता पिता सांगून टाकलं. ज्यांनी ऐकलं ते आता तोंड पुसून बसले आहेत. आणि तेल चोळणारे हात तेच होते, हे आठवून मला जास्त किळस येते, कमी नाही.

घर चितोसेला. तिने ते राहायला ठेवावं किंवा पाडावं. स्मारकासाठी विकू, भाड्याने देऊ वा दान करू नये.

पाच. माझ्या अस्थी यांच्या शेजारी ठेवाव्यात. त्याच दगडाखाली मामंजीही आहेत, त्याला इलाज नाही.

सहा. सगळ्यात महत्त्वाचं. पितरांच्या देव्हाऱ्यात मामंजींच्या नावाची लाकडी पाटी आहे. आपल्याकडे तेहतिसावं श्राद्ध झालं की अशी पाटी उतरवून जाळतात. मग त्या माणसाचं वेगळं नाव उरत नाही, तो पितरांत मिसळतो, गावाचा राखणदार देव होतो. देवाला कुणी जाब विचारत नाही. भवनाआधी हिरोमिचीला तेहतिसावं उरकायचं आहे ते याचसाठी.

पण पाटी जो सांभाळतो त्याच्या संमतीशिवाय ती उतरवता येत नाही, आणि यांच्यामागे ती मी सांभाळते. माझी संमती नाही. माझ्यानंतर पाटी चितोसेकडे जावी. तेहतिसावं करू नये, पन्नासावंही करू नये. रोज भात ठेवावा, पाणी ठेवावं, उपाशी ठेवू नये. पण मामंजींना माणूसच राहू द्यावं. नाव असलेला माणूस.

हिरोमिचीला पाटी हवीच असेल तर वाट मोकळी आहे. त्याने नगरपरिषदेच्या सभागृहात उभं राहावं. मालिग्सानला काय केलं, कुणी केलं आणि हुकूम कुणाचा होता, हे नावांसकट, "पण" न लावता सांगावं. फुसाएनं समोर बसून ऐकावं. त्याच दिवशी, मी असेन तर मी, नसेन तर चितोसेनं, पाटी त्याच्या हातात द्यावी. मग त्याने हवं ते श्राद्ध करावं.

वरील मजकूर मी कुणाच्या दडपणाखाली न येता, चष्मा दोनदा पुसून, स्वतःच्या हातानं लिहिला आहे. मूळ प्रत नोटरीसाहेबांकडे राहील. दुसरी चितोसेला. तिसरी हिरोमिचीला द्यावी, आणि ती मी गेल्यावर नव्हे, आजच. मी जिवंत असताना त्याला मला येऊन भेटता यावं.

काझेउरा, ९ नोव्हेंबर २०१५

सही: तोमिहारा सेत्सु

साक्षीदार:
१. इदे मित्सुयो, निवृत्त शिक्षिका, नागासाकी
२. हामासाकी तोकुजी, मासळी दुकानदार, काझेउरा