सुतकाच्या घरचं पानी

बुधवार, २१ ऑगस्ट
सरकारी दवाखाना, लेकरांचा वार्ड

माय,

रीताचं तुले पाया पडनं. तुये गुडघे कसे हायेत? विनोददादानं आनलेलं तेल लावत जा, ठेवून देऊ नको. मी बरी हाये. निशा बरी हाये. घरी सारे बरे.

रात्री झोपली नाई मी. त्याच्या आंधीच्या रात्री बी नाई. निशाले सलाईन लागून हाये अन् मी त्या बाटलीकडं पाहत बसते. कोन बदलवते, कोनती बाटली लावते, सुईत काय भरते, सारं पाहते. सिस्टर म्हने, "बाई, आमच्यावर भरोसा नाई का तुमचा?" मी म्हनलं, "हाये ना." पन डोया काई लावला नाई.

तू म्हनशीन, पोरगी बरी हाये तं सलाईन काऊन. सांगते. पन पयले हे सांग, हा कागद वाचून कोन दाखवून राह्यलं तुले? सुकरीबाईच्या हाती पाठवून राह्यली मी. ते मायाच बाजूच्या खाटेवर तिच्या नातीले घेऊन होती, आज त्यायची सुट्टी झाली. तिची बस तुयाच गावावरून जाते. तिले तोंडी मी काईच सांगतलं नाई. मानूस भला हाये, पन गोंडपिपरी येईपर्यंत पुऱ्या बसले सांगून टाकन. तू हे शेजारच्या ललिताकडून वाचून घे. सरपंचाच्या घरच्या कोनाकडून नको. ललिता, तू वाचत असशीन तं दार लावून घे वं, अन् हळू वाच.

आमच्या चिचटोल्यात पूर आला ते तुले मालूम हाये. नदीचं पानी विहिरीच्या काठावरून गेलं. उतरलं तवा विहिरीत गाळ, मेलेली कोंबडी, कोनाची तरी चप्पल. हापशी तं कवाची बिघडून हाये, गावाले पेवाले तेच एक विहीर. चप्पल काढली, कोंबडी काढली, अन् तेच पानी भरलं साऱ्यायनं. दुसरं कुठून आनावं?

मंग हगवन-ओकारी सुरू झाली. पयले म्हातारा वारलूबाबा गेला. मंग ताराबाईचा अंकुश. तू पाह्यलं हाये त्याले, माया लग्नात डफड्यापुढं नाचून नाचून पॅन्ट फाडली होती त्यानं, तू टाके मारून देल्ले होते. ताराबाईले तो एकच होता. असे पाच गेले, माय. निशाले त्याच हप्त्यात लागलं.

लोक भडकले. सारा गाव आरोग्याच्या दवाखान्यासमोर जाऊन बसला. निशाले इथी आनाच्या आंधीची गोठ हाये, मी बी होती तिले पदराखाली घेऊन. वरचे साहेब आले. म्हने, "पूर ओसरल्यावर तुम्ही शेतातले मेलेले मासे खाल्ले, त्यानंच हे झालं. विहिरीत आमच्या माणसानं पावडर टाकली आहे. फोटो आहे आमच्याकडे."

इस्तारीभाऊ उठला, आमच्या मासेमारी सोसायटीचा. म्हने, "साहेब, मेलेली नाई खाची तं काय जिती तोंडात टाकाची? तडफडते ना ते!"

सारे हासले. रडून राह्यले होते ते बी हासले.

ताराबाई नाई हासली. तिनं विहिरीच्या पान्याची गुंडी भरून आनली होती. ते साहेबापुढं ठेवली, वरून गिलास ठेवला. म्हने, "पावडर टाकली म्हनता ना? घ्या. प्या."

साहेब म्हने, "बाई, मी घरून पाणी आणलं आहे."

ताराबाई म्हने, "माया अंकुशनं बी घरचंच पेलं, साहेब."

मंग बाया गाडीपुढं आडव्या झाल्या. तवा कुठी साहेबानं कबूल केलं का वरून समिती येईन, शुक्रवारी गावच्या शाळेत बसन, अन् ज्याले बोलाचं त्याचं ऐकन. या शुक्रवारी. परवा.

आता ते आरोग्यवाले सारे एकच गोठ धरून हायेत, मासे. अन् आमचा गाव ढिवरायचा, मासोई धरनाऱ्यायचा. तलाव भरून वाहिला, मासोया धानाच्या बांधीत आल्या, तं सोसायटीनं धरल्या अन् रीतीपरमानं घरोघर वाटा देल्ला. कोन नाई म्हनन? साऱ्यायनं खाल्ल्या, साऱ्यायले मालूम हाये.

एक घर सुटलं. आमचं.

चुलत सासरे सुकलूबुवा पुराच्या तोंडावरच वारले. त्यायच्या घरचे पूर आला तशे लेकीच्या गावाले गेले, मंग गावात सुतकाचं घर आमचं एकटंच राह्यलं. सुतकात चुलीवर मासोई चढत नाई, वाटा बी उंबऱ्याच्या आत येत नाई. इस्तारीभाऊनं आमचा वाटा पुढच्या खेपेले ठेवला. तरी निशाले लागलं. साऱ्या गावासारखंच लागलं.

इस्तारीभाऊ मले म्हने, "रीता, तुयंच एक घर हाये का ज्यानं नुसतं पानी पेलं. आमी कितीबी ओरडलो तं म्हनतीन, यायच्या तोंडाले मासोईचा वास येते. तू बोलली तं त्यायले बोलता येत नाई."

अन् मी अजून एक पाह्यलं हाये. ते मी इस्तारीभाऊले बी नाई सांगतलं.

सुतकाच्या घरची बाई पानी साऱ्यायच्या मागून भरते. म्हनून मी गुंडी घेऊन दूर चिचेखाली उभी होती. बाकीच्या भरून गेल्या. तवा आरोग्याची गाडी आली. पावडरीचं पोतं उतरवलं, तोंड सोडलं, काठावर ठेवलं. आरोग्यवाल्यानं डब्बाभर पावडर घेतली, विहिरीवर हात धरला, डायव्हरनं फोटो काढला. मंग तो डब्बा परत पोत्यातच रिकामा केला. पोतं बांधलं, गाडीत टाकलं, गेले पुढच्या गावाले. मी मंग पानी भरलं. पान्याले वासच नोता. पावडर टाकली का नाक चुरचुरते, लेकरं तोंड वाकडं करतात. त्या दिवशी निशा गटागटा पेली.

सोमवारी तोच आरोग्यवाला इथी आला. सफरचंद घेऊन. निशाच्या डोक्यावरून हात फिरवला, किती गोड पोरगी हाये म्हने. मंग मले म्हने, "वहिनी, तुमचं सुतक केव्हा फिटलं? मासे वाटले त्याच्या आधीच ना?"

माय, दवाखान्याच्या मानसाले आमच्या सुतकाचं काय करायचं? मी इथी कोनाले सांगतलं नाई, सुकरीबाईले बी नाई. मी म्हनलं, "दहावं व्हाचं होतं अजून."

म्हने, "नीट आठवा. दुःखात माणसाच्या ध्यानात नाही राहत."

सफरचंद ठेवून गेला. मी निशाले देल्लं नाई. ते मांगत होती, तरी नाई देल्लं.

अन् काल डॉक्टरीन मॅडम म्हने, निशाले नागपूरले न्यावं लागन. किडनीवर असर झाला असन म्हने. गाडी शुक्रवारी सकायी निघन.

मी म्हनलं, "मॅडम, एवढी मोठी बिमारी हाये तं आजच काऊन नाई नेत?"

म्हने, "तिथे शुक्रवारीच बेड मिळतोय, मी रोज फोन करतेय."

शुक्रवारीच, माय. गावात समिती बसन अन् मी नागपूरच्या रस्त्यावर. मॅडमचं तोंड मी लय पाह्यलं, काई सापडते का म्हनून. पन ते निशाचे थंड पाय स्वताच्या हातानं चोळते. वाईट बोलनारी असती तं मायासाठी सोपं होतं.

निशा बोलते. काल भातासाठी रडली. पन आज सकायी तिचं तोंड सुजल्यासारखं दिसलं मले. झोपेनं असन म्हनलं. दुपारी बी तसंच हाये. लघवी बी कमी करते. म्हनजे मॅडम खरं बोलत असन. का बोलत नसन? मले काई समजून नाई राह्यलं. मी सातवीपर्यंत शिकली, मले किडनी कुठी असते ते बी मालूम नाई.

तू आतापर्यंत विचारलं असशीन, जावई कुठी हाये.

येते. रोज येते. वार्डाच्या दारात उभा राहते, खाटेजवळ येत नाई. रविवारी माया फोन घेऊन गेला, चार्ज करून आनतो म्हने. आनला नाई. म्हनून हा कागद.

वर मी लिवलं का घरी सारे बरे. तसं नाई हाये, माय. तुले मालूम हाये, पावसायात तो आरोग्य खात्याच्या रोजीवर राहते, पाठीवर पंप घेऊन मच्छराची फवारनी करते. मी वर लिवलं, पोतं गाडीत टाकलं. कोनं टाकलं ते नाई लिवलं. हात चालला नाई. त्यानंच टाकलं. पोरीच्या बापानं. आरोग्यवाल्यानं सांगतलं, "ठेव आत, पुढच्या गावात बी फोटो लागते," अन् यानं खांद्यावर घेतलं. मायाकडं पाह्यलं बी. मले वाटलं, दुसरं पोतं मागून येत असन. त्याले बी तसंच वाटलं म्हनते. संध्याकायी घरी येऊन त्यानं तेच पानी पेलं, अन् निशाले आपल्या हातानं पाजलं.

काल त्याले मी पायऱ्यावर धरलं. म्हनलं, "सुतकाचं तुमीच सांगतलं ना त्यायले?"

"हो."

"काऊन?"

म्हने, "तू बोलशीन तं साहेब सुटन अन् मी फसन. फोटोत बाजूले मी बी उभा हाये. ते म्हनतात, तुमच्या जवायानंच पावडर चोरून नेली असं तुया सासुरवाडीपर्यंत पोचवू. दुसऱ्या कोनाची नोकरी बी नाई जानार, मले मातर जेलात टाकतीन." मंग एकदम बारीक आवाजात म्हने, "रीता, म्हन ना का मासोई खाल्ली. मेलेले उठून थोडेच येतात."

"तुमी खाल्ली का?"

"नाई."

"मंग निशाले कायनं झालं?"

त्यानं मंग टोपी घातली अन् गेला.

तो वाईट नाई, माय. भेला हाये. पन भेलेल्या मानसाच्या हाती मी पोरगी कशी देऊ? कोनी म्हनलं इथी आंगठा लाव, तं लावन. कोनी म्हनलं पोरीले घरी ने, चांगली झाली, तं घरी नेईन.

ताराबाई काल येऊन गेली. मले वाटलं आता शुक्रवारचं बोलन, मी मान खाली घालूनच बसली. तिनं अंकुशचा जुना शर्ट आनला होता, धुवून नरम झालेला, तो निशाच्या पाठीखाली अंथरला, का रबराच्या चादरीनं पाठ भाजते म्हने. जाता जाता म्हने, "पोरगीकडं पाह्य तू पयले. गावाचं आमी पाहून घेऊ." भांडली असती तं मी बी भांडली असती. ते भांडली नाई, म्हनून मले आता चूप बसवत नाई.

मी ठरवलं हाये. मॅडम खरी असन तं निशा नागपूरले गेलीच पायजे. खोटी असन तं मी गावात असलीच पायजे. मले कोन खरं ते समजत नाई, म्हनून दोन्ही करते. निशा शुक्रवारी गाडीत बसन, मी चिचटोल्याले जाईन. समितीपुढं सारं सांगीन. सुतक, पानी, फोटो, पोतं. खांदा कोनाचा होता ते बी सांगीन अन् हुकूम कोनाचा होता ते बी सांगीन, एकाच दमात. नाई तं ते खांदाच लिवून घेतीन अन् हुकूम सोडून देतीन.

त्याचं काय होईन, मायं काय होईन, मले मालूम नाई. भेव लागते. पन निशाजवळ कोनी आपलं पायजे, ज्याले कोनाचं भेव नाई. ते मामाच्या हातून कडू औषध बी पेते.

आता हे तुमच्यासाठी हाये, जे कोनी वाचून राह्यले त्यायच्यासाठी. ललिता असन का दुसरं कोनी. मायले फोन नाई, तिले नंबर बी वाचता येत नाई. तिले मंग समजवा, ते रडन, रडू द्या. तुमी पयले माया भावाले, विनोदले फोन लावा. त्याचा नंबर मले पाठ नाई. मायच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिवून हाये, पुसट झाला असन, दिव्यानं पाहा. तो घुग्घुसले खदानीत कामाले हाये. पाळीवर असला तं उचलत नाई, म्हनून पुन्हा लावा, पुन्हा लावा. त्याले सांगा, शुक्रवारची गाडी निघाच्या आंधी ये, मोटरसायकलनं ये. पोरीच्या बापाले मारू नको म्हना, नुसतं निशाजवळ बस. तुमी कोन हा ते मले दिसत नाई. तुमाले बी कोनी सांगतलं असन का या भानगडीत पडू नका. तरी पडा. हा कागद खाली ठेवू नका, हातात ठेवूनच फोन लावा.

रीता,
निशाची माय