मोर्शीच्या इंटरनेटची नोंदवही

मोर्शी, रविवार

प्रिय कुर्बानभाई यांस भगवंतरावाचा सलाम आणि नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? रहिमाबी वहिनींना आदाब सांगा. आमच्याकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. डोकं तापलंय, आणि का तापलं ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार? तुम्ही बाळापूरच्या तहसिलीत आणि मी मोर्शीच्या, अठ्ठावीस वर्षं सकाळी आठच्या ठोक्याला पाऊस मोजला. थेंब नसला तरी जाऊन पाहिलं आणि मगच शून्य लिहिलं. (काही तालुक्यांतले आपले बंधू अंथरुणात पडल्या पडल्या आकडे लिहायचे. त्यांची नावं या पत्रात नकोत.)

तर आमच्या घरी सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा डबा आला. नात प्रणालीची नोकरीची मुलाखत हल्लीच्या पद्धतीनं घरूनच व्हायची होती. यंदा संत्र्याची अशी फळगळ झाली की देवमननं (तिच्या बापानं) अर्धी बाग तोडली, तेव्हा सगळ्या घराचं लक्ष पोरीच्या नोकरीकडे. डबा बसवणारा शालिकराम सांगून गेला, तीसचा स्पीड मिळेल. मी लगेच लिहून घेतलं. प्रणालीनं मोबाईलवर स्पीड मोजायचं बटण दाखवलं. दाबलं की काटा फिरतो आणि आकडा येतो. मग मी कोरी वही काढून रकाने आखले. आपल्याला कोणी मोजायला दिलं की आपण मोजणारच.

मंगळवारी दर अर्ध्या तासानं मोजलं. दिवसभर अठ्ठावीस, आणि रात्री जेवायच्या वेळी एकदम अर्धा. अहो, एकसुद्धा नाही, अर्धा! बुधवारी दर पंधरा मिनिटांनी मोजलं, तर दुपारीच अर्धा. माझा पहारा जितका कडक, तितकी यांची चोरी लवकर. कंपनीला फोन करावा तर बाई म्हणते एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा एक दाबा. (दाबले सगळे. शेवटी तिनं आभार मानून फोन ठेवला.)

गुरुवारी अकराला मुलाखत. पुरावा पक्का हवा म्हणून मी सकाळी सहापासून दर दहा मिनिटांनी मोजत होतो. पोरगी नवा कुर्ता घालून बसली आणि तिसऱ्या प्रश्नाला पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले ते थिजलेच. शेजारच्या खोलीत मी लगेच मोजलं: पाव. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी शालिकरामला दारातच धरलं. म्हटलं, "पावसानं दगा देल्ला तं मी समजू शकतो. तुमी लोक हवेतलं बी चोरून राहिले का?" अख्खी वही वाचून दाखवली. तो गप्प. एक शब्द बोलला नाही. अशा लोकांना ग्राहक मंचातच खेचायला हवं.

तुमचा,
भगवंतराव

ता. क. साहेबांनी पोरीला आणखी एक संधी दिली आहे, येत्या गुरुवारी अकराला. तुमच्या नातीकडे, हीनाकडे, वायरीचं चांगलं नेट आहे म्हणे. प्रणालीला बुधवारच्या गाडीनं तुमच्याकडे पाठवू का?

ता. क. दुसरा. शालिकराम गप्प राहिला असं वर लिहिलं, ते खरं नाही. मला फाटकाबाहेर नेऊन तो हळूच म्हणाला, "बाबाजी, रोजचा दीड जीबी भेटते, तो सरला का स्पीड पडते. एकदा काटा फिरला का पन्नास एमबी गेले. तुमचं मोजनंच सारं खाऊन राहिलं." वरचा मजकूर फाडणार होतो, पण तो लिहायला दोन दिवस लागलेत.

प्रणालीला यातलं काही माहीत नाही. ती वही घेऊन साऱ्या आळीला सांगत फिरते, "आबाजी होते म्हनून आपल्यापाशी पुरावा तरी आहे." मुलाखत झाली की तिला हे तुम्हीच सांगा, कुर्बानभाई. माझ्याच्यानं होत नाही.