परगावचं पाणी

अण्णा, तुमची नात मैत्रिणींबरोबर हिमाचलात जाऊन आली. गाडी अशी, की तिच्यातच झोपायचं, तिच्यातच रांधायचं. परवा फोनवर फोटो दाखवत होती आणि मधेच म्हणाली, "आई, तू कधी गेलीस का गं अशी?" मी म्हटलं, गेले होते, तुझ्या आजोबांबरोबर, बालाघाटच्या डोंगरात. पुढचं सांगवेना.

मी चौथीत होते. होळी नुकतीच झाली होती. तुम्ही ज्या मालकाची मेटाडोर चालवायचात, तिला त्या आठवड्यात भाडं नव्हतं. तुम्ही मागचे बाक काढून गादी टाकलीत, स्टोव्ह घेतलात, परभणीहूनच पाण्याचा पिंप भरून घेतलात आणि आम्हा मायलेकींना म्हणालात, "चला, घरच घिऊन निघू." राणीसावरगाव मागे पडलं, चढ लागला. जिकडंतिकडं पळस फुललेला. आई, जी घरात कधी गुणगुणत नसे, ती चक्क गाणं म्हणायला लागली. मुक्काम मात्र गाव टाळून माळावर. कुठं विहीर दिसली आणि मी थांबा म्हटलं, की तुमचं ठरलेलं, "परगावचं पाणी बाधतं." मला ते खरंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी घाटात इंजिन तापलं. पिंपातलं उरलंसुरलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं. तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, आई आडवी झालेली, आणि माझा घसा कोरडा पडलेला. खाली विहीर दिसत होती. मी तांब्या घेऊन उतरले. पाणी शेंदणाऱ्या बाईनं मायेनं विचारलं, "कोणाची गं तू, माय? लय दुरून आलाव जणू." मी शाळेत सांगतात तसं नाव सांगितलं, आडनावासकट. तिचे हात दोरावर थांबले. रागावली नाही ती. एवढंच म्हणाली, "तांब्या खाली ठेव. कठड्याला शिवू नको." तेवढ्यात तुम्ही धावत आलात आणि थोबाडीत मारलीत. माझ्या, अण्णा! तिला मात्र हात जोडलेत. "लेकराला कळत न्हाई, बाई. आमच्यापाशी पाणी हाय." नव्हतं. वर आल्यावर तुम्ही बोट दाखवून म्हणालात, "बघ, पळस कसा फुललाय." मी बघितलं नाही.

ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून तुम्ही मोर्च्यात ओरडून घसा बसवून यायचात. आपल्या लोकांची घरं जाळली होती, त्यात मावशीचंही गेलं होतं. तुम्ही घाबरला असाल, हे मला समजतं. पण विद्यापीठाच्या नावासाठी भांडणाऱ्या माणसानं, स्वतःचं नाव खरं सांगितलं म्हणून लेकीवर हात उचलावा? त्या बाईला एक शब्द बोलला असतात, नुसतं माझा हात धरून वर नेलं असतंत, तरी चाललं असतं. पुढं नामांतर झालं तेव्हा तुम्ही नव्हता. वस्तीत पेढे वाटले, मी घेतला नाही. लोकांना वाटलं, बापाची आठवण आली. आलीच होती, पण कोणती, ते कुणाला सांगू?

नातीला शेवटी एवढंच सांगितलं, की आजोबांना आमची फार काळजी असायची. तिला ते पटलं. मीही ते पटवून घेतलं होतं, आणि तुम्हाला माफ केलं असं लिहायलाच आज बसले होते. तेवढं सोडून सगळं लिहून झालं.