दाजींनी परत केलेली शिष्यवृत्ती

जुईनगर, नवी मुंबई

ती. अक्कास,

अंकुशचा जय भीम आणि पायांवर डोकं. तुझे गुडघे कसे आहेत? दुपारी पत्र्याखाली झोपत जाऊ नकोस, लिंबाखाली खाट टाकायला सांग. शेळी व्याली असं कळलं, आनंद वाटला. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तसं काही नाही.

परवा फोनवर तू मला बोललीस की तुझ्या नवऱ्याला स्टँडवर सोडायला घरातलं कुत्रंही आलं नाही. खरं आहे, मी आलो नाही. मी तेव्हा विहारात बसून श्वासाकडे लक्ष देत होतो, कारण घरी बसलो असतो तर लक्ष दाजींकडे गेलं असतं. फोनवर मी गप्प राहिलो, कारण दाजी तुझा फोन कायम स्पीकरवर ठेवतात आणि मधेमधे खाकरतात. तेव्हा सावकाश लिहितो. तू अक्षर लावत सावकाश वाच.

आमच्या संघप्रियाचं तिकडे काय चाललंय हे गावात कुणालाच नीट माहीत नाही, तरी सगळे सांगतात. ती अमेरिकेत कॉलेजात शिकते आणि कॉलेजाकडून बास्केटबॉल खेळते. (सहा फूट उंचीचा घराण्याला उपयोग झाला तो एवढाच. नाहीतर माळ्यावरचे डबे काढायला तिला हाक मारायचो.) पहिली दोन वर्षं ती एका लहान कॉलेजात होती, तिथे चांगली खेळली. या खेळात पाच वेळा दुसऱ्याला धक्का लागला की खेळाडूला बाहेर बसवतात. मी यावर पुष्कळ विचार केला. पाचही शीलं मोडलेला माणूस आपल्याकडे विहारात पहिल्या रांगेत बसतो, भाषणसुद्धा करतो. असो. मग एका मोठ्या कॉलेजाने तिला बोलावून घेतलं आणि अख्खं वर्ष बाकावर बसवलं. सराव रोज, सामन्यात फक्त टाळ्या. ज्या कोच मॅडमनी तिला आणलं, त्या दुसरी नोकरी मिळताच निघून गेल्या. नव्या सरांना तिचं नावसुद्धा म्हणता येईना, ते तिला 'सॅंग' म्हणत. लेकराने आई-बापापासून इतक्या लांब जाऊन बाकच गरम करायचा असेल तर जुईनगरच्या बागेत बाकांची काय कमतरता आहे?

म्हणून तिने ते कॉलेज सोडायचं ठरवलं आणि सुट्टीला घरी आली. तिकडे अशी सोय आहे की ज्याला कॉलेज बदलायचं आहे त्याचं नाव एका यादीत चढतं. मग इतर कॉलेजांचे कोच उंची, वय, आधी कुठे होती, का सोडलं हे सगळं बघतात आणि पसंत पडलं तर बोलणी करतात. दाजी बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे आले होते. मी त्यांना सोपं करून सांगावं म्हणून म्हणालो, आपल्या वधू-वर मेळाव्यासारखंच समजा. अक्का, ज्या माणसाने तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी जमवल्या आणि उरलेल्या मोडल्या, त्याच्यापुढे मी हे वाक्य बोललो.

एका कॉलेजाच्या कोच मॅडमना संघप्रिया पसंत पडली. घरच्यांशीही बोलायचंय, सकाळी व्हिडिओवर भेटू, असं त्यांनी कळवलं. 'म्हणजे बघायला येणार,' दाजी म्हणाले आणि उठून दाढी करायला बसले.

त्या सकाळी दाजींनी गुलाबी पटका बांधला. सोफ्यावर मधोमध बसले, मला कडेला सरकवलं. (माझ्याच घरात. हप्ते मी भरतो.) तुझ्या भावजयीला, गीतांजलीला, पोहे करायला लावले आणि ती बशी संघप्रियाने फोनसमोर धरायची असं ठरवलं. पोरगी म्हणाली, 'मामा, त्यांना वास पण येणार नाही.' दाजी म्हणाले, 'वास नसू दे, वळण दिसू दे.' मॅडम पडद्यावर आल्या. संघप्रियाला उभं राहा म्हणाल्या. दाजींनी तिचा हात धरून खाली बसवलं. उंच मुलगी उभी दाखवायची नसते म्हणे! अगं, तिच्या उंचीसाठीच तर ती बाई फोनवर आली होती.

मग दाजींचं इंग्रजी सुरू झालं. मॅडमचं मूळ गाव कोणतं, भाऊबंद किती, आधीची मुलगी का सोडून गेली. संघप्रिया कानात कुजबुजत होती, 'बाबा, मामांना आवरा.' मी आवरणार कसा? आपल्या घरात बहिणीच्या नवऱ्याला कुणी आवरल्याचं मला आठवत नाही. मॅडम मात्र हसून एकेकाचं उत्तर देत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या की कॉलेज पूर्ण शिष्यवृत्ती देईल, फी, राहणं, जेवण सगळं.

अक्का, या एका वाक्यासाठी मी महिनाभर रोज वंदनेला बसत होतो. तळोज्याच्या कंपनीतल्या स्टोअरकीपरच्या पगारात अमेरिका बसत नाही. शिष्यवृत्ती नसेल तर पोरीचं शिक्षण अर्ध्यावर सुटतं, खेळही सुटतो. आणि दाजी ताठ बसले, पटका सारखा केला आणि म्हणाले, 'नो मनी. वी नॉट सेल डॉटर.'

पोरीचे पैसे घेणं म्हणजे पोर विकणं, हे मलाही मान्य आहे. पण ते कॉलेज आहे! तिला सून करून नेत नव्हतं! संघप्रियाने बशी खाली ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं तर माझं इंग्रजी त्या दिवशी घरी नव्हतं. मॅडम 'मी समजू शकते' असं काहीतरी म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. दाजी मात्र पोहे खात म्हणाले, 'बघ, कसा वजनात राहिलो. माणसं चांगली वाटतात, परत येतील.' संध्याकाळच्या गाडीने ते गेले, आणि आता गावभर सांगत आहेत की अंकुश पोर विकायला निघाला होता, मी घराण्याची अब्रू राखली. त्यांच्या वयाचा मान ठेवून मी एवढंच लिहितो की असल्या अब्रूने पोरीची फी भरली जात नाही. यापुढे माझ्या घरच्या कुठल्याही बोलण्यांत त्यांनी पडू नये, हे त्यांना तुझ्या तोंडून कळव.

भाच्यांना आशीर्वाद. सर्वांचं मंगल होवो. (सर्वांचं म्हटलं की त्यात दाजीही आले, त्याला माझा इलाज नाही.)

तुझा धाकटा भाऊ,
अंकुश

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी कळलं ते लिहितो. मॅडमचा संघप्रियाला निरोप आला. इतकी वर्षं घरोघरी बोलले, म्हणाल्या, जो तो आणखी मागतो. पैसे नको म्हणणारं घर पहिल्यांदा बघितलं. शिष्यवृत्ती कायम आहे.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे रागात लिहिली नाही. पडदा काळा होण्याआधी दाजींनी मॅडमना अजून एक विचारलं होतं. सोयरिकीत आपण विचारतो ना, नांदवणार की बसवून ठेवणार, तसं. 'गर्ल प्ले? ऑर सिट?' मी बाप असून पोरीकरवी तिथली थंडी विचारली, जेवण विचारलं, जवळ विहार आहे का विचारलं. हे विचारलं नाही. मॅडमनी त्याचंही उत्तर पाठवलंय : खेळवीन, पहिल्या सामन्यापासून. पोरगी ते वाचून आत जाऊन रडली.

शेवटचं ता. क. रविवारी सकाळी मॅडम पक्कं करायला पुन्हा फोन करणार आहेत, आणि त्यांनी पटकेवाल्या गृहस्थांना आवर्जून बसायला सांगितलंय. संघप्रियाही म्हणते, मामा नसतील तर बोलणार नाही. तेव्हा दाजींना शनिवारच्या गाडीत बसव, मी स्टँडवर घ्यायला येतो. फक्त पैशाचा विषय निघाला की त्यांनी पाणी प्यायला म्हणून आत जायचं. एवढं त्यांना तूच सांग, मला ते ऐकणार नाहीत.