अडलेला घास

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठीवरचे फोड सुकले, तोंडातलेही भरले. शरीरानं आपल्याच कातडीशी दावा मांडला होता, आता तह झाला म्हणायचा. कातडीचे डॉक्टर गोळ्या कमी करणार आहेत. त्या गोळ्यांनी गाल असे फुगलेत की ऑफिसात सगळे तब्येत सुधारली म्हणतात.

पुन्हा कंपनीचे चहाचे नमुने चाखायला बसू लागलो. चमचाभर सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकायचा. जीभ शाबूत, म्हणजे नोकरीही शाबूत. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा बोक्या

११ मार्च

चि. बोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गालांचं कौतुक पुरे. तुझ्या बायकोच्या तोंडून निसटलंच. साधा भात पाणी घालून कालवला तरी तुझ्या छातीत अडतो म्हणे. आणि डॉक्टरांना तू सांगितलंस, त्रास नाही! अरे शहाण्या, दिवसभर थुंकतोस, गिळतोस कुठे? मी जिथे औषधं देते त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. हा आजार तोंडातून खाली अन्ननलिकेतही उतरू शकतो, म्हणाले.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसलास ना? गेली तर दुसरी बघू. मला फार भीती वाटते रे. जा, आणि खरं सांग.

उत्तराची वाट पाहते.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. खरं सांगितलं. त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे धाडलं. कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं, तर अन्ननलिकेत फोड, सोललेलं अस्तर आणि एक जागा आवळलेली. तुकडा तपासला, तोच आजार निघाला. गोळ्या वाढल्या, सलाइनमधून आणखी एक औषध सुरू झालं. आजार निवला की आवळलेली जागा जपून रुंद करतील. साहेबांनी कुरकुर न करता रजा दिली.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी ही आणि मी आत गेलो, तर पोटाच्या डॉक्टरांनी पेशंट समजून हिलाच टेबलावर झोपायला सांगितलं. मला हसू आलं. मग हिच्याकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. घरी येऊन खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मला एकट्याला वेगळं वाटू नये म्हणून तीही तेच पातळ, तेवढंच खात होती. कित्येक महिने. आणि मी रोज समोर बसत होतो, ताई.

आता माझी वाटी आधी संपवतो. मग ती पोटभर जेवते आणि तिचं होईपर्यंत मी उठत नाही.

आशीर्वाद आधी तिला पाठव, उरले तर मला.
बोक्या