निरोगी नमुना क्रमांक सात

प्रति,
मा. विभागप्रमुख,
निदान संच विभाग,
विषाणू प्रथिन प्रयोगशाळा.

विषय : साडूंचे प्रोटीन धडधाकट माणसास डेंग्यू ठरवीत असल्याने ते नव्या संचातून बाद करणेबाबत.

संदर्भ : आज, शुक्रवारी झालेली तुलनात्मक चाचणी, प्लेट क्र. ३, निरोगी नमुना क्र. ७.

महोदय,

मी, खाली सही करणार, आपल्या विभागात चौदा वर्षे जिवाणूंकडून डेंग्यूचे प्रोटीन करवून घेत आहे. आपणास हे ठाऊक आहे, परंतु हल्ली ते विसरले जात असल्याने लिहून ठेवतो.

१. विषाणूच्या कवचावरील प्रोटीनचा जनुक जिवाणूत घालायचा, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि प्रोटीन वेगळे काढायचे, असे माझे काम आहे. खऱ्या विषाणूला हातही लावावा लागत नाही. हे प्रोटीन प्लेटच्या खळग्यांना चिकटवले की आजाऱ्याच्या सिरममधील प्रतिपिंडे त्यावर येऊन बसतात व खळगा निळा होतो. निरोगी माणसाचा खळगा कोरा राहतो. आजवरचा प्रत्येक तपासणी संच माझ्याच प्रोटीनवर निघाला आहे.

२. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, येथे रुजू झाले. त्यांचा नोकरीचा अर्ज मीच लिहून दिला होता. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणे म्हणतात ते हेच. साडू तेच प्रोटीन मानवी पेशींत करतात. नऊ दिवस पेशींची मनधरणी केल्यावर त्यांच्या हाती चमच्याच्या टोकावर मावेल एवढे लागते. माझे जिवाणू एका दिवसात बाटलीभर देतात. तरीही आपण सकाळी आल्यावर प्रथम साडूंच्या टेबलाशी थांबता आणि माझ्या टेबलाशी फक्त छत्री ठेवता. डीप फ्रीझरचा वरचा कप्पा माझा होता. तो त्यांच्या जांभळ्या टोपणांच्या नळ्यांना देण्यात आला. माझ्या हिरव्या टोपणांच्या नळ्या तळाला, बर्फ साचतो तेथे आहेत. त्या काढायला मला रोज गुडघे टेकावे लागतात.

३. पुढील बाब घरगुती आहे, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. गेल्या महिन्यात सासूबाई सर्वांसमोर म्हणाल्या, “धाकट्या जावयांच्या प्रोटीनची घडी अगदी खऱ्या विषाणूसारखी बसते म्हणे. मोठ्यांची जरा विस्कटते.” सासूबाईंना प्रोटीनची घडी कोणी शिकवली, हे मी विचारणार नाही. पत्नी म्हणाली, “त्यात एवढं लावून काय घ्यायचं?” मी लावून घेतले आहे.

४. नव्या संचात कोणाचे प्रोटीन जाणार हे ठरवण्यासाठी आज चाचणी झाली. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे निरोगी नमुन्यांसाठी कर्मचाऱ्यांनीच सकाळी रक्त दिले. माझा नमुना सातवा. आजाऱ्यांच्या चाळीस नमुन्यांपैकी माझ्या प्रोटीनने बत्तीस पकडले, साडूंच्या प्रोटीनने एकोणचाळीस. हे मी नाकारीत नाही, त्यावर बोलण्याची गरज मात्र वाटत नाही. कारण नमुना सात माझ्या प्रोटीनवर कोरा राहिला आणि साडूंच्या प्रोटीनवर गडद निळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा निळा. हा सूर्य आणि हा जयद्रथ. जे प्रोटीन समोर उभ्या असलेल्या ठणठणीत माणसाला डेंग्यू झाला म्हणते, त्याची घडी सासूबाईंनीच तपासावी.

५. मी ठणठणीत आहे. रविवारपासून ताप होता तो शीतगृहातल्या कामाचा, काल उतरला. डोळ्यांच्या मागे ठणकते ते जांभळी टोपणे पाहून. हाडे दुखतात त्यास तळाचा कप्पा जबाबदार आहे. हातांवर लाल पुरळ उठले आहे, हातमोजे नवीन आहेत. अन्न जात नाही, कारण परिच्छेद ३ मध्ये दिले आहे. आज सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले. ब्रश जुना झाला आहे. साडू माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, “दादा, आधी दवाखान्यात चला. सात नंबर मला खोटा वाटत नाही.” हरायला लागलेला माणूस कोणत्या थराला जातो, हे यावरून दिसून यावे.

सबब साडूंचे प्रोटीन बाद करून वरचा कप्पा मला परत देण्यात यावा.

(आवक शिक्का : शुक्रवार, दुपारी साडेतीन)

पुरवणी. बुधवार. रुग्णालय, खाट क्र. ११.

वरील अर्ज देऊन परतताना मी जिन्यात बसलो आणि मला उठता आले नाही. अर्ज मागे घ्यायला पत्नीला पाठवले असता आवक लिपिक तिला म्हणाले, “शिक्का पडला की अर्ज परत मिळत नाही, वहिनी. पुढे काय जोडायचं असेल ते जोडा.” म्हणून जोडतो.

६. मला डेंग्यू आहे. जिन्यातून मला साडूंनी उचलले. दवाखान्यात दारातच त्यांनी डॉक्टरांना सांगितले, “प्लेट मी स्वतः पाहिलीय. थांबू नका.” प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या होत्या. तेथे माझ्या प्रोटीनचा संच लावला असता तर खळगा कोरा राहून मला घरी पाठवले गेले असते. चाळीसातले आठ माझ्या प्रोटीनने सोडले होते. चौदा वर्षांत असे किती जण घरी गेले असतील, हे मी येथे पडल्या पडल्या मोजायला घेतले आणि सोडून दिले. मला भीती वाटली.

७. रक्त देतानाच्या फॉर्मवर ‘गेल्या पंधरवड्यात ताप आला होता काय’ यापुढे मी ‘नाही’ असे लिहिले. ‘होय’ लिहिले असते तर आपण मला घरी धाडले असते आणि प्लेटजवळ साडू एकटेच राहिले असते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. नियमानुसार कारवाई व्हावी.

८. साडू रोज येथे येतात, पेल्यात पाणी भरून ठेवतात आणि चाचणीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एकदा जरी मिरवले असते तरी मला बरे वाटले असते. माझा जळफळाट कमी झालेला नाही, हे प्रामाणिकपणे कळवतो.

९. तरी विषयात केलेली मागणी रद्द समजून नव्या संचात साडूंचेच प्रोटीन घ्यावे. वरचा कप्पा त्यांच्याकडेच असू द्यावा. नमुना सात निरोगी रकान्यातून काढावा. मात्र प्रत्येक संचात, तो नीट चालतो हे कळावे म्हणून, हमखास निळा होणारा एक नमुना द्यावा लागतो. मी बरा झाल्यावर, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा, त्यासाठी माझे सिरम घ्यावे. लागेल तेवढे देईन. त्यांचे प्रोटीन पेटीपेटीतून गावोगाव जाणार असेल, तर त्याच पेटीत शेजारी मीही असावे आणि ते चांगले आहे हे दर वेळी माझ्याच रक्ताने सांगावे.

त्या नळीचे टोपण मात्र हिरवे असावे, एवढी कृपा व्हावी.

आपला नम्र आणि तूर्त आडवा,
ज्येष्ठ तंत्रज्ञ (जिवाणू)

सोबत :
१. प्लेट क्र. ३ चे छायाचित्र
२. रक्तदानाचा फॉर्म, ‘नाही’ खोडून ‘होय’ केलेला
३. हिरवे टोपण, एक