वैजूची खपली

३ फेब्रुवारी १९७४
आलो एकदाचे सोलापुरात! यांची बदली कुर्डुवाडीहून इथल्या मालधक्क्यावर झाली आणि कसब्यात दोन खोल्याही मिळाल्या. नळ दारात, अंगणात कडुलिंब, आणखी काय हवं? वैजू चार महिन्यांची. प्रवासभर गाढ झोपली आणि स्टेशनात उतरताच माझ्या नव्या पातळावर ओकली. घरमालकीण गंगम्मा, एकटी विधवा, कानडी वळणाचं मराठी बोलते. आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. बिचारीचं तोंड देवीच्या वणांनी इतकं भरलंय की बोट टेकवायला सपाट जागा नाही. बाई मात्र मायाळू.

११ फेब्रुवारी
वैजूला दवाखान्यात नेलं. वजन छान भरलं. डॉक्टरीणबाईंनी दंडावर देवीची लस टोचली. ती रडली, तिच्याहून जास्त मी. हे शहाणे बाहेर बाकावर पेपर धरून बसले होते, तोही उलटा. आता फोड येईल, पिकेल, खपली धरेल आणि आपोआप पडेल, असं बाईंनी समजावलं. पोर देखणी आहे, कातडी लोण्यासारखी आहे, दृष्ट काढत जा म्हणाल्या. मी घरापर्यंत अभिमानानं फुगूनच चालले.

२० फेब्रुवारी
शी! फोड पिकलाय. पिवळा, मधे खळगा, भोवती लालबुंद. झबलं चिकटतं आणि त्याला वास येतो. आईला आपल्या लेकराची किळस येऊ नये म्हणतात. मला आली. गंगम्माला काहीच वाटत नाही, ती वाकून दंडाला नाक लावते आणि हुंगते. देवी पाहुणी आलीय, घरात तळण करू नकोस, अशी ताकीद देऊन गेली. हे हसले. मी कढई माळ्यावर टाकली, उगाच कशाला विषाची परीक्षा?

४ मार्च
खपली पडली. गंगम्मा दहीभाताची वाटी घेऊन हजर. तिच्याकडची रीत अशी की खपली जमिनीला लागू द्यायची नाही. हळदकुंकू वाहून, दहीभातावर ठेवून थोरल्या बाईला द्यायची, मग ती देवीची पाठवणी करते. मी म्हटलं, तुम्हीच उचला. ती मागे सरली.
“तुज्या हातानं दे की तायी. आईनं दिली तरच लागू होते.”
दिली. लिंबाखाली ठेवेल, देवळात नेईल असं वाटलं होतं. तिनं माझ्यासमोर भात कालवला आणि खाल्ला. खपली कुरकुर चावली. बोटं चाटली. मी मोरीत जाऊन ओकले.

८ मार्च
वैजूच्या गालावर खळगा पडलाय, तांदळाएवढा. काल नव्हता. आणि पोटरीवर खपली आहे. तिथे कोणी टोचलंच नव्हतं.
गंगम्मा पाणी भरायला आली. तिच्या कपाळावर सपाट जागा आहे. एका बोटाएवढी.

१२ मार्च
डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. लसीचा याच्याशी संबंध नाही म्हणाल्या, दंडावरचं सगळं ठीक आहे. मलम दिलं. खपलीचं सांगितलं तर त्या यांच्याकडे बघत राहिल्या. बाळंतिणीला झोप मिळत नाही, असं यांना समजावलं.
पोटरीवरची पडली. मी ती मोरीत टाकली. गंगम्मानं जाळीत बोट घालून शेवाळासकट काढली आणि तोंडात टाकली. मी तिचा दंड धरला. ती शांतपणे म्हणाली,
“एकदा दिलीस न्हवं? आता सगळ्या माज्याच.”
माझंच चुकलं. माझ्याच हातानं दिली.

१७ मार्च
पाठ, मान, दोन्ही गाल. रोज नवी. जिथून पडते तिथे खळगा राहतो. वैजू दूध ओढत नाही, वजन उतरलंय. दुसरं घर बघा म्हणून यांच्यामागे लागले, तर महिना संपू दे म्हणतात. चुलीत टाकलेली ती राखेतून वेचते. पुरलेली उकरते. गंगम्माचे दोन्ही गाल आता गुळगुळीत. लोण्यासारखे.

२० मार्च
भर दुपारी गालावरची पडली. दारात ती, हातात वाटी. चूल विझलेली. कुठे लपवू? मी ती तोंडात टाकली आणि गिळली —
शी. शी. खारट असेल वाटलं होतं.
गोड होती.

२२ मार्च
आजही मीच. तिला मिळू नये म्हणून. फक्त तेवढ्यासाठीच.
हे म्हणाले, चेहऱ्यावर तेज आलंय, सोलापूरचं पाणी मानवलं तुला. आरशात बघितलं. स्वतःची इतकी किळस —
वैजूच्या गालावर आणखी एक खळगा.

२३ मार्च
गंगम्मा आत आलीच नाही. वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली. दहीभात. माझ्यासाठी.

२४ मार्च
हे टांगा आणायला गेलेत. वैजूला दवाखान्यात ठेवायचं ठरलंय, माझ्यापासून लांब. मीच सांगितलं. येतीलच इतक्यात.
वैजू भिंतीकडे तोंड करून पडलीय. माझी चाहूल लागली की थरथरते. हात गुंतलेला राहावा म्हणून लिहितेय. लिहीत राहायचं. टांगा येईपर्यंत —
कानामागे एक आहे. कड सुटलीय. पडली तर गंगम्मा —
पडू दे आपोआप. मी नाही. तोंडाला पाणी सुटलंय, शी, माझ्या पोरीची — डावा हात मांडीखाली दाबून —
हात निघाला. नुसतं नख लावून बघते, अगदी कडेला, तिला कळणारसुद्धा —